कुंडीतले छोटे रोप : थोड्या भांडवलाचा, पण धीराचा धंदा

दुकानाच्या गल्ल्यावर, दवाखान्यात, कार्यालयातील टेबलावर किंवा घराच्या खिडकीत मांसल पानांचे एखादे छोटे रोप ठेवण्याची पद्धत आता केवळ मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणीही अशा कुंड्या विकल्या जाऊ लागल्या आहेत. जाड पानांत पाणी साठवून ठेवणाऱ्या या रोपांना ‘सक्युलंट’ म्हणतात. भेटवस्तूंचे दुकानदार, कुंभारकाम व पितळकाम करणारे कारागीर आणि घरी राहून चार पैसे कमावू इच्छिणाऱ्या भगिनी यांच्यासाठी हा एक चांगला जोडधंदा आहे. जागा थोडी लागते, भांडवल थोडे लागते. व्याजाच्या पैशाला हात लावण्याची गरज पडत नाही.

मात्र या धंद्यात हात पोळून घेणारेही पुष्कळ आहेत. माल खपत नाही म्हणून नव्हे, तर खपण्याआधीच सडतो म्हणून त्यांना नुकसान होते. शिवाय विकलेले रोप गिऱ्हाइकाच्या घरी महिन्याभरात मेले, तर ते गिऱ्हाईक पुन्हा त्या दुकानाची पायरी चढत नाही. या दोन्ही नुकसानींचे मूळ बहुधा एकच असते, ते म्हणजे कुंडीत साचलेले पाणी.

कोणते रोप घ्यावे?

सक्युलंटचे शेकडो प्रकार आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्याने त्यांतील ‘झेब्रा हॉवर्थिया’ हे रोप घ्यावे. गडद हिरव्या, टोकदार पानांवर पांढरे आडवे पट्टे असतात. रोप लहानच राहते व तीन-चार इंची कुंडीत वर्षानुवर्षे टिकते. याचे मूळ स्थान दक्षिण आफ्रिकेतील ईस्टर्न केप प्रांत. तेथे ते झुडपांच्या सावलीत उगवते, म्हणून घरातील उजेडात तग धरते. बहुतेक सक्युलंटना थेट ऊन हवे असते, ते बंद फ्लॅटमध्ये मिळत नाही. या रोपाची तशी अडचण नाही.

इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ एड्रियन हॉवर्थ (१७६७-१८३३) यांच्या नावावरून १८०९ साली या वंशाला हॉवर्थिया हे नाव मिळाले. २०१३ साली पट्टेवाल्या जातीला ‘हॉवर्थिऑप्सिस’ या वेगळ्या वंशात टाकण्यात आले. त्यामुळे घाऊक विक्रेत्याच्या यादीत दोन्हींपैकी कोणतेही नाव असले तरी माल तोच समजावा. मात्र नुसते ‘झेब्रा प्लांट’ असे सांगून मागणी नोंदवू नये. अफेलांड्रा नावाच्या, रुंद पानांच्या व भरपूर पाणी पिणाऱ्या झाडालाही हेच नाव आहे.

हे रोप आपल्या ओळखीच्या कोरफडीच्या कुळातले आहे. कोरफडीचा वाळवलेला रस म्हणजे एळवा. सुकोत्रा बेटावरचा एळवा अरब व्यापाऱ्यांनी शतकानुशतके दूरदूरच्या बाजारांत पोहोचवला. अरबीत कोरफडीला ‘सबिर’ म्हणतात. ‘सब्र’ म्हणजे धीर, त्याच मुळातला हा शब्द. या रोपांचा धंदा करणाऱ्याने तो लक्षात ठेवावा.

पाण्याने का मरते?

साधारण झाडांच्या पानांवरील सूक्ष्म छिद्रे दिवसा उघडतात व त्यातून पाणी उडून जाते. हॉवर्थियाची छिद्रे दिवसा बंद राहतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेतात. त्यामुळे पाण्याचा खर्च फार कमी होतो. असे रोप तहानेने सहसा मरत नाही, पाने थोडी आक्रसतात आणि पाणी मिळताच पुन्हा भरतात. उलट मुळांभोवती पाणी साचून राहिले की मातीतील हवा संपते, मुळे कुजतात आणि कूज खोडात चढते. पाने मऊ, पिवळट व पाणीदार दिसू लागेपर्यंत खाली बरेच नुकसान झालेले असते.

माती व कुंडी

आपल्याकडील काळी माती पाणी धरून ठेवते व वाळली की दगडासारखी आवळते. ती या रोपांस चालत नाही. दोन भाग जाड वाळू किंवा बारीक खडी व विटांचे तुकडे, आणि एक भाग चाळलेली बागेची माती व चांगले कुजलेले शेणखत, असे मिश्रण करावे. विटांची बारीक भुकटी चाळून काढून टाकावी, नाहीतर तीच भोके बुजवते. कोकणातील बंधूंनी समुद्रकाठची वाळू वापरू नये, तिच्यातील क्षार मुळांना मारतात. जांभ्याचे बारीक खडे मात्र चांगले चालतात.

कुंडीला तळाशी भोक हवेच. बिनझिलईची मातीची कुंडी सर्वांत उत्तम, कारण तिच्या अंगातूनही ओल निघून जाते. आपल्या कारागिरांना येथे वाव आहे. खुर्जाच्या चिनी मातीच्या कुंड्या व मुरादाबादची पितळी भांडी शोभेला चांगली, पण त्यांतील अनेकांना भोक नसते. कुंभाराने माती ओली असतानाच भोक पाडून द्यावे. पितळ किंवा पत्र्याचे भांडे विकायचे असल्यास त्यात बसेल अशी भोकाची छोटी कुंडी सोबत द्यावी. पाणी घालताना आतली कुंडी बाहेर काढायची, निथळली की परत ठेवायची. अशी जोडी एकट्या भांड्यापेक्षा अधिक किंमतीला जाते आणि रोपही जगते.

पाणी, उजेड व ऋतू

पाणी वारानुसार घालू नये, माती पाहून घालावे. बांबूची बारीक काडी तळापर्यंत खुपसून काही वेळाने काढावी. काडीला ओली माती चिकटली तर पाणी नको. कोरडी निघाली तर खालच्या भोकातून वाहेपर्यंत पाणी द्यावे व बशीतले पाणी ओतून टाकावे. पानांच्या मधल्या खोबणीत पाणी राहू देऊ नये.

हिवाळ्यात रोप वाढते, तेव्हा साधारण दहा-पंधरा दिवसांनी पाणी लागते. एप्रिल-मेच्या कडक उन्हात वाढ थंडावते. विदर्भ-मराठवाड्यात दुपारचे ऊन व तापलेला पत्रा यांपासून रोप दूर ठेवावे. खरी परीक्षा पावसाळ्यात होते. जून ते सप्टेंबर हवाच ओली असते, माती वाळत नाही. या काळात माल पावसाखाली न ठेवता वारा खेळेल अशा जागी मांडावा. तीन आठवडे पाणी घातले नाही तरी काळजी करू नये.

पाने तांबूस होऊ लागली तर ऊन जास्त होत आहे असे समजावे. पाने फिकट व लांबट होऊन रोप विस्कटले तर उजेड कमी पडत आहे. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण होय. असे रोप लगेच वेगळे करून कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून कीड पुसून काढावी. ही कीड मुळांतही लपते, म्हणून नवा माल आणल्यावर पंधरा दिवस जुन्या मालात मिसळू नये.

एकाचे अनेक

चांगले पोसलेले रोप बुंध्याभोवती पिल्ले देते. पिल्लाला स्वतःची मुळे फुटली की ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ते हलक्या हाताने वेगळे करावे. जखम वाळण्यासाठी दोन-तीन दिवस सावलीत तसेच ठेवावे, मग कोरड्या मातीत लावून आठवड्याने पहिले पाणी द्यावे. घाई करून ओल्या जखमेसह लावलेले पिल्लू बहुधा सडते. सुरुवातीची रोपे पुणे जिल्ह्यातील उरुळी कांचन परिसरातील रोपवाटिकांत किंवा आंध्र प्रदेशातील कडियम येथून घेता येतात. पुढे घरच्याच पिल्लांवर धंदा वाढवावा.

हिशेब

एक उदाहरण घेऊ. दर आपापल्या गावचे घालावेत. रोप, कुंडी व माती मिळून एक नग ३० रुपयांस पडला व ५० रुपयांस विकला. १०० नगांचा खर्च ३००० रुपये. त्यांतील ३० सडले तर ७० नगांचे ३५०० रुपये येतात, म्हणजे नफा केवळ ५०० रुपये. फक्त ५ सडले तर ४७५० रुपये येतात व नफा १७५० रुपये होतो. भाव तोच, गिऱ्हाईक तेच. फरक पडला तो पाणी जपून घातल्याचा. विक्री वाढवण्याच्या खटपटीआधी मर कमी करणे हाच नफ्याचा सोपा मार्ग आहे.

दोष सांगून विकावे

या बाजारात काही वाईट रीती शिरल्या आहेत. रोपांवर निळा-गुलाबी रंग फवारतात. कॅक्टसच्या डोक्यावर वाळलेले फूल डिंकाने चिकटवतात. वरचे खडे चिकटवून मातीचा थर झाकून टाकतात. नुकतेच तोडलेले, मुळे न फुटलेले पिल्लू तयार रोप म्हणून खपवतात. माल चार दिवस सुंदर दिसतो, पण आतून तो मरत असतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा बाजारात धान्याच्या राशीत हात घातला असता वरचे धान्य कोरडे व आतले ओले निघाले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली ही घटना सहीह मुस्लिममध्ये आहे. वरून कोरडी व आतून ओली कुंडी विकणाऱ्याने तिचा विचार करावा. न सांगितलेला दोष नंतर उघडकीस आल्यास सौदा रद्द करण्याचा हक्क फिक्हने ग्राहकाला दिला आहे. त्यास ‘खियार-ए-ऐब’ म्हणतात. तेव्हा पिल्लू नवे असेल तर नवे आहे असे सांगावे, भांड्याला भोक नसेल तर तेही सांगावे. मुळे कुजलेले रोप निघाले तर तक्रार न करता बदलून द्यावे.

प्रत्येक कुंडीसोबत मराठीत छापलेली छोटी चिठ्ठी द्यावी : ‘काडी कोरडी निघाली तरच पाणी. बशीत पाणी ठेवू नये. खिडकीजवळ ठेवावे, दुपारच्या उन्हात नको. पावसाळ्यात पाणी फार कमी.’ या चिठ्ठीला खर्च काहीच येत नाही आणि गिऱ्हाइकाचे रोप जगते. त्याचे रोप जगले की शेजारी, पाहुणे त्याला दुकानाचा पत्ता विचारतात.

ज्यांना हा धंदा करून पाहायचा आहे, त्यांनी एकदम शंभर नग न घेता ऑक्टोबरमध्ये वीस रोपे घ्यावीत. हिवाळ्यात पिल्ले करावीत, उन्हाळा काढावा आणि एक पूर्ण पावसाळा त्यातून पार पाडावा. त्या वीसांपैकी किती वाचली हे मोजावे आणि त्यानंतरच पुढचे भांडवल घालावे.