बिलावरची एक ओळ

सकाळी 6.40
डोंबिवलीहून दादर फास्ट पकडली. पिशवीत डबा, पांढरे हातमोजे, स्पिरिट लेव्हल आणि कालच छापून आलेलं बिलबुक. दोन वर्षं मी आमच्या गॅलरीच्या मॅडमच्या मागे लागले होते की आपल्या बिलावर एक ओळ वाढवू या: ‘हे चित्र पुढे विकल्यास किमतीतला काही वाटा चित्रकाराला द्यावा.’ या कलामेळ्याच्या आधी त्यांनी होकार दिला. आज ते बुक पहिल्यांदा उघडणार आहे.

सकाळी 8.15
दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरले. पुलावरून धोबीघाट दिसतो, शेकडो शर्ट-चादरी दोऱ्यांवर वाळत असतात. तिथून चालत रेसकोर्स. 2023 पासून दर नोव्हेंबरात इथे ‘आर्ट मुंबई’ हा कलामेळा भरतो, यंदाचं तिसरं वर्ष. चार दिवसांसाठी उभारलेले मंडप आणि त्यात देशभरातून आलेल्या गॅलऱ्या. फोर्टातली आमची गॅलरी लहान, म्हणून बूथही लहान: तीन भिंती, नऊ चित्रं, एक टेबल.

सकाळी 9.00
आधी चित्रांची तपासणी. टॉर्च तिरपा धरून प्रत्येक कॅनव्हास पाहायचा: कुठे चीर, ओल, फ्रेमच्या कोपऱ्याला टवका. रात्रीतून एक फ्रेम झुकलेली होती. चित्रं टांगणारे भाऊ स्टुलावर चढले. “ताई, डावीकडे दोन सूत,” म्हणाले आणि लेव्हलचा बुडबुडा बरोबर मध्ये आला. वीस वर्षं ते हे काम करतात, त्यांचं नाव कुठल्याच कॅटलॉगमध्ये नसतं. त्यांच्याकडे पाहिलं की मला के. एच. आरा आठवतात. मुंबईत घरकाम केलेला, मोटारी धुतलेला हा माणूस 1947 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या संस्थापकांमध्ये होता. मोटारी धुणाऱ्या माणसाची चित्रं बघायला आणि विकत घ्यायला तेव्हा या शहरात कोणीतरी होतं. बाजार मला वाईट वाटत नाही, तो यासाठी.

दुपारी 12.00
शनिवारची गर्दी सुरू झाली. बहुतेक लोक लेबल वाचतात, आजूबाजूला बघतात आणि हळूच विचारतात, “किंमत कळेल का?” जणू काही गैर विचारतोय. मी मोठ्याने सांगते. मोठं चित्र, ‘कोप्या’, 3 लाख 40 हजार. शेजारचं छोटं 85 हजार, वर 5 टक्के जीएसटी. सप्टेंबरपर्यंत तो 12 टक्के होता. कोणी विचारलं तर पुढचंही सांगते. निम्मे पैसे चित्रकाराचे, निम्मे गॅलरीचे, आणि आमच्या निम्म्यातून बूथचं भाडं, टेम्पो, विमा, फ्रेम, पगार. हे लपवण्यासारखं नाही. किंमत सांगायला लाजू नये आणि ती कोणाच्या हातात जाते हे विचारायलाही लाजू नये.

दोन्ही चित्रं बीड जिल्ह्यातल्या एका ताईंची. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जायचे. ‘कोप्या’मध्ये रात्र आहे, पाचटाच्या झोपड्यांची रांग आहे आणि एकाच दारात उजेड.

दुपारी 2.30
पनवेलच्या पुढच्या एका शाळेतले चित्रकलेचे सर अकरा मुलं घेऊन आले. ‘कोप्या’समोर मुलं एकदम गप्प झाली. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, हे कोणी विकत घेतलं, तर आम्हाला परत बघता येईल का?”

मी म्हटलं, कोणाच्या घरी गेलं तर नाही. मग तिला कुलाब्याच्या टीआयएफआरबद्दल सांगितलं. होमी भाभांनी तिथे इमारतीच्या खर्चातला एक टक्का चित्रांसाठी ठेवायची परवानगी नेहरूंकडून मिळवली होती. त्यातून विज्ञानाच्या संस्थेत मोठा संग्रह उभा राहिला आणि भिंतीवर हुसेनचं म्युरल आलं. सार्वजनिक पैसा चित्रं घेतो तेव्हा ती सगळ्यांची होतात. आज शाळा, इस्पितळं, एसटी स्टँड बांधताना असा एक टक्का कोणी मागत नाही. खरं तर आपणच मागायला हवा.

दुपारी 4.00
एक गृहस्थ ‘कोप्या’समोर थांबले. पहिलाच प्रश्न, “पाच वर्षांत किती होईल?” मग म्हणाले, “हुसेनचं ‘ग्रामयात्रा’ मार्चमध्ये 118 कोटींना गेलं.” ती गोष्ट मला पाठ आहे. 1954 सालचं ते चित्र दिल्लीत एका परदेशी डॉक्टरांनी घेतलं, पुढे ऑस्लोच्या रुग्णालयाला दिलं आणि कित्येक दशकं ते तिथल्या भिंतीवर होतं. लिलावाचे पैसे डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला जाणार, हे चांगलंच. पण विक्री न्यूयॉर्कला झाली आणि पुनर्विक्रीत चित्रकाराच्या वारसांना वाटा द्यायची सक्ती अमेरिकेच्या कायद्यात नाही. आपल्याकडे आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम 53अ, 1994 च्या दुरुस्तीने आलेलं: मूळ चित्र पुन्हा 10 हजारांच्या वर विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा वारसांना 10 टक्क्यांपर्यंत वाटा. माझ्या नोकरीच्या अकरा वर्षांत तो मागितलेला किंवा दिलेला मी एकदाही पाहिला नाही.

गृहस्थांनी बिल वाचलं. “ही ओळ काढा, लगेच घेतो.” मी मॅडमकडे पाहिलं. सीझन कठीण गेलाय, 3 लाख 40 हजार आमच्यासाठी मोठी रक्कम आहे. मॅडम म्हणाल्या, “ओळ राहील. आपण संध्याकाळपर्यंत विचार करा.” ते परत आले नाहीत.

संध्याकाळी 6.30
दुपारी एकदा येऊन गेलेलं सिन्नरचं एक जोडपं परत आलं. दोघंही डॉक्टर. छोट्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. बिल करताना बाईंचं बोट त्या ओळीवर थांबलं.

“हे कायद्यात आहे?”

“एकतीस वर्षांपासून.”

“मग ठीक आहे,” म्हणून त्यांनी सही केली. 89 हजार 250. मी लेबलशेजारी विकल्याची लाल टिकली लावली.

संध्याकाळी 7.15
बीडला फोन लावला. “ताई, छोटं गेलं. तुमचे 42 हजार 500 या महिन्यात जमा होतील.” पलीकडे क्षणभर शांतता. मग पैशांबद्दल काहीच नाही, एवढंच विचारलं, “कुठं लावणारेत?”

“दवाखान्यात. पेशंट बसतात त्या खोलीत.”

“म्हंजी ऊसतोडीची माणसंबी बघतील,” ताई म्हणाल्या.

रात्री 8.30
भाऊंनी मोठ्या चित्रावर कापड टाकलं. मी हिशेबाच्या वहीत आधी ताईंचा आकडा लिहिला, मग आमचा. उद्या रविवार, मेळ्याचा शेवटचा दिवस. ‘कोप्या’ अजून भिंतीवर आहे आणि ती ओळ बिलबुकात आहे.