अर्ज क्रमांक १२-डी

अण्णांचा टीव्ही लिफ्टचं दार उघडताच ऐकू येतो. लिफ्ट बंद असेल त्या दिवशी तो दुसऱ्या मजल्यापासूनच सोबतीला येतो. कुणी कुणावर गंभीर आरोप केला, कोण नॉट रिचेबल आहे, कुणाच्या बंगल्यावर खलबतं चालू आहेत, हे सगळं ऐकत चौथ्या मजल्यावर पोचते, तोवर मला माझी बातमी मिळालेली असते: कानाचं यंत्र आजही डबीतच आहे.

वाशीहून मानखुर्द म्हणजे एक स्टेशन. गाडी खाडीपुलावर आली की हमखास आईचा फोन येतो. "आल्या आल्या गोळ्यांचं काढू नकोस हं. सकाळपासून पक्षफुटीचं चाललंय."

अण्णा ८६ वर्षांचे, आई ८२ ची. म्हाताऱ्या माणसांचं करणं म्हणजे औषधं, डॉक्टर, पथ्य असं मला वाटायचं. त्यातला खरा वेळ वाटाघाटीत जातो. काठी घेणार नाही, कारण काठी म्हातारे घेतात. मीठ कमी करणार नाही, कारण डॉक्टर कालचा पोरगा आहे. पंख्याखाली बसणार नाही, आणि उकडतंय म्हणून कुरकुर मात्र करणार. रात्री नऊच्या चर्चेनंतर बीपी मोजायचं नाही, हा आमच्या घरात एकमताने झालेला एकमेव ठराव. त्या वेळचा आकडा अण्णांचा नसतो, पॅनेलवरच्या प्रवक्त्यांचा असतो.

बातम्या बंद करून टाका, असं सल्ला देणारे पुष्कळ. मला ते पटत नाही. या माणसाने विशीत आचार्य अत्र्यांचा 'मराठा' वाचून संयुक्त महाराष्ट्राच्या सभा गाठल्या. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं, म्हणून १९५७ ची निवडणूक हुकली. १९६२ पासून एकही चुकवली नाही. जून २०२२ नंतर पक्ष फुटत गेले तसं त्यांनी कालनिर्णयच्या एका मागच्या पानावर टिपण ठेवलं: धनुष्यबाण कुणाकडे, मशाल कुणाकडे, घड्याळ कुणाकडे, तुतारीवाला कुणाचा. गुडघ्यांची तक्रार डॉक्टरला सांगताना तारखा चुकतात. निवडणूक आयोगाने कोणतं चिन्ह कधी कुणाला दिलं, हे महिन्यासकट सांगतात.

आमच्याकडे हे टिपण लागतंच म्हणा. मानखुर्द शिवाजीनगर आणि अणुशक्तीनगर हे शेजारशेजारचे विधानसभा मतदारसंघ, पण लोकसभेला पहिला ईशान्य मुंबईत जातो आणि दुसरा दक्षिण मध्य मुंबईत. एकाच बाजारात कोथिंबिरीची घासाघीस करणारी माणसं दोन वेगवेगळ्या खासदारांच्या नावाने बोटं मोडतात.

लोकसभेच्या वेळी, म्हणजे २०२४ च्या एप्रिलमध्ये, ८५ वर्षांवरच्यांना घरून मत देता येतं हे मी अण्णांना सांगितलं. "मी काय अंथरुणाला खिळलोय?" विषय संपला. २० मेच्या उन्हात ते केंद्रावर गेले. पोलिसाने पुढे बोलावलं तर, "माझ्या आधी ही माणसं आलीत," म्हणून रांगेतच उभे राहिले. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. मतदान करून आले, ताठ मानेने सरबत प्यायले आणि पुढे आठवडाभर गुडघ्याला शेक घेत पडून राहिले.

ऑक्टोबरमध्ये विधानसभा आली तेव्हा मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ बाई आल्या. खांद्याला पिशवी, हातात यादी. मूळच्या शिक्षिका असाव्यात, कारण त्यांनी आधी टीव्हीकडे पाहिलं आणि अण्णांनी मुकाट्याने आवाज कमी केला.

"आजोबा, हा १२-डी अर्ज. घरून मत द्यायचं असेल तर भरायचा. नसेल तर तसं सांगा, मी तशी नोंद करते. सक्ती नाही."

सक्ती नाही, हे वाक्य या घरात आमच्यापैकी कुणी कधी उच्चारलं नव्हतं. अण्णांनी चष्मा पुसला आणि उलटतपासणी सुरू केली. मुदत किती? अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवस, म्हणजे २७ ऑक्टोबरपर्यंत. भरल्यावर मन बदललं तर? अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे 'पीबी' अशी खूण होते, मग केंद्रावर मत देता येत नाही. तुमची माणसं आली आणि मी झोपलेलो असलो तर? आधी दिवस आणि वेळ कळवतील; तेव्हा भेट झाली नाही तर आणखी एकदा येतील, त्यानंतर नाही.

"आणि मत कशावर? मशीनवर?"

"नाही हो, मतपत्रिकेवर. पेनाने खूण करायची."

इथे अण्णा सावरून बसले. त्यांची सगळी तरुणपणची मतं कागदावरची. मशीनवर त्यांचा राग असा नाही, पण बटण दाबून 'टूं' वाजलं की मत दिल्यासारखं वाटत नाही, ही जुनी तक्रार. "कागद म्हणता? मग आणा तो अर्ज."

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "आणि माझा?" मर्यादा आधी ८० होती, मार्च २०२४ मध्ये ती ८५ केली. आई बसत नव्हती. "म्हणजे मी अजून लहान," असं म्हणून ती चकल्यांकडे वळली. दिवाळी चार दिवसांवर होती.

नोव्हेंबरच्या मध्यावर पथक आलं. दोन मतदान अधिकारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला आणि बीएलओ बाई. आमच्या बाहेरच्या खोलीत एवढी माणसं मावायची तर दोघांना दारात उभं राहावं लागतं. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून सकाळपासून तयार. कानात यंत्र! मी आईकडे पाहिलं, तिने डोळ्यांनीच गप्प बसायला सांगितलं.

अधिकाऱ्यांनी ओळखपत्र यादीशी ताडून पाहिलं. जेवणाच्या टेबलावरचा लोणच्याचा ट्रे उचलून तिथे पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. आईने चिवडा पुढे केला. साहेबांनी हात जोडून फक्त पाणी घेतलं. कॅमेरा सुरू झाला तसे अण्णा म्हणाले, "हा माझं मत टिपणार का?" व्हिडिओवाल्याने मागे सरकून दाखवलं: सगळी प्रक्रिया टिपायची, खूण नाही. अण्णांनी स्वतः त्याच्या जागी उभं राहून खात्री करून घेतली. कुणी घाई केली नाही. मला मात्र घड्याळ दिसत होतं, त्यांना अजून बऱ्याच घरी जायचं होतं.

आम्ही दोघी आतल्या खोलीत गेलो. दृष्टी अधू असेल तर सोबतीला माणूस घेता येतो, असं अधिकारी सांगत होते. "गरज नाही," एवढंच ऐकू आलं. मग बराच वेळ काहीच नाही. घरात दिवसा टीव्ही बंद असला की खालच्या रस्त्यावरच्या रिक्षा किती जवळ आहेत ते कळतं.

आम्ही बाहेर आलो तोवर मतपत्रिका घडी करून छोट्या लिफाफ्यात, लिफाफा बंद. घोषणापत्रावर अण्णांची सही, ती साक्षांकित करणारी अधिकाऱ्याची सही. मग दोन्ही मोठ्या लिफाफ्यात. अण्णांचा हात थरथरतो. सही तीन टप्प्यांत झाली. मी हात धरायला पुढे झाले असते तर फटकारलं असतं. अधिकारी पेनचं टोपण हातात धरून नुसते थांबले. सही झाल्यावर अण्णांनी लिफाफ्याची कड अंगठ्याने दाबून पाहिली आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे डिंक नीट लागला नव्हता. अधिकाऱ्यांनी पुन्हा लावला.

आमच्याशी ते हुज्जत घालतात, तीच ही सवय. आम्ही निर्णय घेऊन मग त्यांना सांगायला जातो. बाईंनी आधी अर्ज पुढे ठेवला, नियम सांगितला, नकाराची सोय ठेवली. आमच्या काळजीत ती सोयच नव्हती.

२० नोव्हेंबरला आई एकटी केंद्रावर जाऊन आली आणि शाईचं बोट नाचवत म्हणाली, "कुणाला दिलं विचारू नका." २३ तारखेला अण्णा साडेसातपासून टीव्हीसमोर. आठला टपाली मतांची मोजणी सुरू झाल्याची पट्टी आली. "माझं चाललंय," त्यांनी जाहीर केलं. पुढे मशीनची मतं सुरू झाल्यावर रिमोट आईकडे सरकवला. "आता तुझं." डिसेंबरात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत गावकऱ्यांनी मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घेऊन बघायचं ठरवलं, तेव्हा तर अण्णांकडे शेजारचे मत विचारायला आले. कागदावर मत दिलेला इमारतीतला तेवढा एकच माणूस.

मी मग गोळ्यांचा तक्ता केला. तारीख, सकाळ, रात्र, सही, आणि शेवटी 'हरकत असल्यास' असा रकाना. अण्णांनी तो दोनदा वाचला, शीर्षकातली वेलांटी सुधारली आणि कपाटाच्या दारावर लावून घेतला. सह्या होतात, बहुतेक दिवस. मीठ आणि काठी हे विषय अजून तक्त्यावर आलेले नाहीत.

मध्यंतरी एका सकाळच्या रकान्यात सही नव्हती. हरकतीत लिहिलं होतं: गोळीचा रंग बदलला आहे, खुलासा व्हावा. खरंच बदलला होता. दुकानदाराने तेच औषध दुसऱ्या कंपनीचं दिलं होतं आणि पिशवी उघडून पाहायचं कुणाला सुचलं नव्हतं. मी दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम दाखवले. त्यांनी भिंगातून वाचले, गोळी घेतली आणि हरकतीपुढे लिहिलं, 'निकाली'.