आनंदाची क्रमवारी नेमके काय मोजते?

दरवर्षी २० मार्चच्या सुमारास जागतिक आनंद अहवाल प्रसिद्ध होतो आणि त्यातील क्रमवारीची बातमी होते. २०२५ च्या अहवालात १४७ देशांमध्ये भारताचा क्रमांक ११८ वा होता. नेपाळ ९२ व्या आणि पाकिस्तान १०९ व्या स्थानावर होता. २०१८ पासून २०२५ पर्यंतच्या सलग आठ अहवालांत फिनलंडने पहिले स्थान राखले.

या बातमीवर आपल्याकडे दोन प्रतिक्रिया हमखास उमटतात. काहींना त्यात देशाच्या अधोगतीचा पुरावा दिसतो. काहींच्या मते सण-उत्सवांनी गजबजलेल्या देशाला दुःखी ठरवणारी ही मोजणीच चुकीची असते. दोन्ही प्रतिक्रियांमागे एकच गृहीतक आहे, ते म्हणजे ही क्रमवारी लोक किती आनंदी आहेत हे सांगते. प्रत्यक्षात ती काही वेगळेच सांगते, आणि ते समजून घेतल्यास भारताविषयीच्या आकड्यांचा अर्थही बदलतो.

एक प्रश्न, एक शिडी

संपूर्ण क्रमवारी एकाच प्रश्नाच्या उत्तरांवर उभी आहे. गॅलप ही संस्था बहुतेक देशांत दरवर्षी पंधरा वर्षांवरील सुमारे एक हजार व्यक्तींच्या मुलाखती घेते. उत्तरदात्याला एका शिडीची कल्पना करण्यास सांगितले जाते. सर्वांत वरची, दहावी पायरी म्हणजे त्याच्या दृष्टीने शक्य असलेले सर्वोत्तम जीवन आणि तळाची शून्य क्रमांकाची पायरी म्हणजे सर्वांत वाईट जीवन. आज आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, एवढेच त्याने सांगायचे असते. तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी म्हणजे त्या देशाचे गुण. २०२५ च्या अहवालात फिनलंडचे गुण ७.७४, भारताचे ४.३९ आणि तळाच्या अफगाणिस्तानचे १.३६ होते.

या प्रश्नात ‘आनंद’ हा शब्द कोठेही येत नाही, आणि तीच त्याची सोय आहे. मराठीत सुख, समाधान आणि आनंद या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सुखसोयी असूनही माणूस असमाधानी असू शकतो आणि हलाखीतही एखाद्या क्षणी आनंदी होऊ शकतो. प्रत्येक भाषेत या शब्दांच्या सीमा वेगळ्या असल्याने ‘आपण आनंदी आहात का’ या प्रश्नाची देशोदेशीची उत्तरे एका मापाने मोजणे अवघड ठरते. शिडी आणि पायरी मात्र सर्वत्र समजते. परंतु या सोयीमुळे उत्तराचे स्वरूपही बदलते. माणूस आपल्या मनःस्थितीचे वर्णन न करता आपल्या आयुष्याचे मूल्यमापन करतो.

हा फरक सूक्ष्म वाटला तरी परिणामांत मोठा आहे. आदल्या दिवशी आपण हसलात का, काळजीत होता का, असे प्रश्नही गॅलप विचारते. अशा प्रश्नांवर आधारित सकारात्मक अनुभवांच्या यादीत पॅराग्वे हा दक्षिण अमेरिकेतील देश अनेक वर्षे अग्रभागी होता. शिडीच्या क्रमवारीत मात्र तो पहिल्या विसांत कधीच आला नाही. याउलट फिनलंडचे नागरिक दिवसभर हसतमुख असतात असा दावा अहवाल करत नाही. आरोग्यसेवा, शिक्षण, सुरक्षितता आणि शासनावरील विश्वास यांचा विचार करून ते आपल्या जीवनाला वरची पायरी देतात, इतकाच त्याचा अर्थ.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधील सुमारे १६०० प्रौढांना, शिडीचा प्रश्न वाचताना मनात काय येते, असे विचारण्यात आले. शिडीच्या प्रतिमेमुळे सत्ता आणि संपत्तीचे विचार अधिक येतात, असे त्यात आढळले. प्रश्नांच्या क्रमाचाही परिणाम होतो. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी दाखवून दिल्याप्रमाणे, अमेरिकेत शिडीच्या प्रश्नाआधी राजकारणाविषयी प्रश्न विचारले गेले, तेव्हा लोकांनी आपल्या जीवनाला लक्षणीयरीत्या कमी गुण दिले.

भारत या शिडीवर १९६२ पासून

ही शिडी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांनी तयार केली. त्यांच्या पहिल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत भारताचाही समावेश होता. त्या पाहणीत भारताची १९६२ मधील सरासरी ३.७ होती, नायजेरियाची ४.८ आणि अमेरिकेची ६.६.

दोन पाहण्यांच्या पद्धती भिन्न असल्याने त्या वेळच्या आणि आजच्या आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही. तरीही एक प्रश्न उरतोच. गेल्या सहा दशकांत भारतीयांचे आयुर्मान, साक्षरता आणि उत्पन्न कितीतरी पटींनी सुधारले असताना भारत अजूनही शिडीच्या मध्याखालीच का?

याचे एक उत्तर शिडीच्या रचनेत आहे. तिची वरची पायरी प्रत्येकाच्या कल्पनेने ठरते आणि कल्पना परिस्थितीबरोबर वाढत जाते. दोन वेळचे अन्न हे ज्याचे ध्येय होते, त्याच्या नातवाला पक्के घर, कायम नोकरी आणि मुलांना चांगले शिक्षण हवे असते. शिवाय दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनीमुळे दहाव्या पायरीवरचे जीवन कसे असते, हे आता खेडोपाडी दिसते. माणूस चार पायऱ्या चढतो आणि शिडीही तेवढीच उंच होते.

मात्र हे उत्तर अपुरे आहे. एकाच पद्धतीने झालेल्या अलीकडच्या पाहण्यांतही मोठा चढउतार दिसतो. २०१३ च्या अहवालात भारताचे गुण ४.७७ होते. २०२० च्या अहवालात ते ३.५७ पर्यंत घसरले आणि १५३ देशांत भारत १४४ वा ठरला. तो अहवाल २०१७ ते २०१९ या वर्षांतील मुलाखतींवर आधारलेला होता. त्यामुळे त्या घसरणीचा कोरोना महासाथीशी संबंध जोडता येत नाही. याच काळात देशाचे सकल उत्पन्न वाढत होते. त्यानंतर गुण पुन्हा सुधारत गेले.

राष्ट्रीय उत्पन्न वाढते पण लोकांचे समाधान त्या प्रमाणात वाढत नाही, या विसंगतीकडे अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्येच लक्ष वेधले होते. चीनविषयीच्या त्यांच्या अभ्यासात १९९० नंतर आर्थिक भरभराट होत असतानाही लोकांचे जीवनसमाधान आधी घसरले आणि नंतर काहीसे सावरले, असे आढळले. नोकरीची शाश्वती आणि सामाजिक सुरक्षेचे कवच नाहीसे होणे हे त्यांच्या मते त्यामागचे प्रमुख कारण होते.

क्रमांकाखाली दडलेली उत्तरे

अहवालात दरडोई उत्पन्न, अडचणीतील आधार, निरोगी आयुर्मान, निवडीचे स्वातंत्र्य, दानशीलता आणि भ्रष्टाचाराविषयीची धारणा हे सहा घटक दिलेले असतात. या घटकांची बेरीज करून क्रमांक ठरवला जातो, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. क्रमांक फक्त शिडीवरून ठरतो. देशादेशांतील फरक का पडला असावा, याचा अंदाज बांधण्यासाठी हे घटक नंतर वापरले जातात.

भारताच्या दृष्टीने खरे मोल या घटकांचेच आहे. अडचणीच्या वेळी हक्काने मदत मागता येईल असे नातलग किंवा मित्र आपल्याला आहेत का, असा प्रश्न लोकांना विचारला जातो. २०२१ च्या अहवालानुसार भारतात ‘होय’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ६० टक्के होते, तर फिनलंडमध्ये ९५ टक्के. मात्र आयुष्यात काय करावे हे ठरवण्याच्या स्वातंत्र्याबाबत भारतातील ८९ टक्के लोक समाधानी होते. म्हणजे स्वातंत्र्याविषयीच्या उत्तरांत भारत फिनलंडच्या बराच जवळ आहे. मोठी दरी आहे ती आधाराच्या प्रश्नात.

एकत्र कुटुंब आणि शेजारधर्म यांचा अभिमान बाळगणाऱ्या समाजात दहांपैकी चार व्यक्ती आपल्याला कोणाचा आधार नसल्याचे सांगतात, ही बाब ११८ या क्रमांकापेक्षा अधिक गंभीर आहे. त्यामागे अनेक कारणे असू शकतात. रोजगारासाठी होणारे स्थलांतर माणसाला नात्यागोत्यापासून दूर नेते. शिवाय गरीब माणसाचे नातलगही बहुधा गरीबच असतात. आजारपण किंवा नापिकीच्या वेळी त्यांच्याकडे माया असते, पण देण्यासारखे काही नसते. जेथे शासनाची सुरक्षाव्यवस्था भक्कम असते, तेथे नातलगांवर असा भार पडत नाही.

मोजण्याच्या अन्य वाटा

राष्ट्रीय धोरणात आनंदाला स्थान देण्याचा आग्रह प्रथम भूतानने धरला. त्याच्याच पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने जुलै २०११ मध्ये याविषयी ठराव संमत केला आणि २०१२ मध्ये पहिला जागतिक आनंद अहवाल निघाला. स्वतः भूतान मात्र एका प्रश्नावर अवलंबून राहत नाही. तेथील सकल राष्ट्रीय आनंद निर्देशांकात मानसिक स्वास्थ्य, वेळेचा वापर, संस्कृती, पर्यावरण, सुशासन अशा ९ क्षेत्रांतील ३३ निकष तपासले जातात. २०२२ च्या पाहणीत ४८.१ टक्के नागरिक आनंदी गणले गेले. २०१० मध्ये हे प्रमाण ४०.९ टक्के होते. तरीही अलीकडच्या वर्षांत भूतानचे हजारो तरुण शिक्षण आणि रोजगारासाठी ऑस्ट्रेलियात गेले. निर्देशांक कितीही व्यापक असला तरी तरुणांच्या हाताला काम देणे हा वेगळाच प्रश्न राहतो.

भारतातही प्रयत्न झाले. मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये स्वतंत्र आनंद विभाग स्थापन केला आणि दिल्लीतील शासकीय शाळांत २०१८ मध्ये आनंदविषयक अभ्यासक्रम सुरू झाला. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने २०११ पासून घेतलेली वाट याहून साधी आहे. आयुष्याचे समाधान, जगण्याची सार्थकता, कालचा आनंद आणि कालची चिंता असे चार स्वतंत्र प्रश्न ते नागरिकांना विचारते. त्यामुळे समाधान आणि आनंद यांची गल्लत होत नाही आणि स्थानिक पातळीवरील चित्रही हाती येते. एवढ्या विशाल भारताचे चित्र एका सरासरीत मावणे शक्य नाही. राज्यवार आणि जिल्हावार अशी पाहणी येथे अधिक उपयुक्त ठरेल.

क्रमवारी पुन्हा प्रसिद्ध होईल तेव्हा क्रमांकापेक्षा गुण पाहावेत. शेजारच्या देशांच्या गुणांत अनेकदा इतके थोडे अंतर असते की पाच-दहा स्थानांच्या फरकाला फारसा अर्थ उरत नाही. एका वर्षाच्या आकड्यापेक्षा अनेक वर्षांची दिशा पाहावी आणि आधाराच्या प्रश्नाला किती जण ‘होय’ म्हणाले, हे आवर्जून शोधावे. ते प्रमाण वाढल्याखेरीज क्रमांक सुधारला तरी त्याचे समाधान मानण्यासारखे काही नसेल.