दुष्काळातला अनुताप आणि इंद्रायणीतली कर्जखते

संकट आणि संतवाणी : लेखांक ७

आषाढ कोरडा गेला की सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यात दोन प्रकारचे बोलणे कानावर येते. एक पाण्याचे : उजनी धरण किती टक्क्यांवर आले, टँकर कधी सुरू होणार, जनावरांना छावणी मिळणार का. दुसरे पापाचे : माणसे बिघडली, देवाला विसरली, म्हणून पाऊस रुसला. मग कुठे धोंडी निघते, कुठे गाभाऱ्यात पाणी भरून महादेव कोंडतात, कुठे सप्ताहाची वर्गणी सुरू होते. या श्रद्धेविषयी मला आदर आहे. पण पापाच्या बोलण्यात पश्चात्तापाचे ओझे नेमके ज्याचे पीक गेले त्याच्याच डोक्यावर येते, आणि ते मला मान्य नाही. उजनीच्या फुगवट्याकाठी कंदर-वांगीकडे ऊस आणि केळी उभी असतात, तेव्हा धरणापासून लांबच्या गावांत विहिरींनी तळ गाठलेला असतो. एकाच तालुक्यात काठावरचे पुण्यवान आणि लांबचे पापी, असे कसे म्हणायचे? हा सगळा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला आहे. पाऊस इथे पिढ्यानपिढ्या बेभरवशाचाच.

मग दुष्काळात पश्चात्ताप करायचा तो कोणी? याचे उत्तर आपल्याकडे १६३० च्या दुष्काळात देहूला मिळाले.

तुकोबांचे घर खातेपिते होते. बाजाराची महाजनकी, शेती, दुकान, लोकांकडे येणे असलेली रक्कम. वयाच्या सतराव्या वर्षाच्या आसपास आईवडील गेले, थोरली वहिनी गेली, थोरले बंधू सावजी तीर्थाटनाला निघून गेले. पाठोपाठ दुष्काळ आला. व्यापार बुडाला, पहिली पत्नी रखमाबाई भुकेने गेली, आणि परंपरा सांगते की लहानगा संतोबाही गेला. या दिवसांची लाज आणि दुःख तुकोबांनी आपल्या अभंगांत लपवलेले नाही. माणूस कोसळायला एवढे पुरेसे होते. ते भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले.

पुढची हकीकत महिपतींच्या चरित्रपरंपरेने जपली आहे. धाकटे बंधू कान्होबा शोधत आले. दोघे इंद्रायणीकाठी बसले. घरातली कर्जखते आणली, त्यांचे दोन वाटे केले. कान्होबांचा संसार होता, म्हणून अर्धी खते त्यांना दिली. आपल्या वाट्याची तुकोबांनी नदीत सोडली. ती खते म्हणजे काय, हे डोळ्यांपुढे आणा. कुणाचे बियाणे, कुणाची बैलजोडी, कुणाच्या लेकीचे लग्न, खाली साक्षीदारांची नावे. दुष्काळाने आधीच नागवलेल्या माणसांवरचा तो शेवटचा हक्क होता. तो पाण्यात गेला.

मला या प्रसंगातले सर्वांत मोठे वाटते ते हे, की इथे अनुताप झाला तो घेणेकऱ्याला. देणेकऱ्यांना कोणी पाप विचारले नाही. तुकोबांनी आपल्या ऋणकोंना बोलावून उपदेश केला, असेही ही परंपरा सांगत नाही. त्यांनी फक्त स्वतःचा हक्क सोडला.

अनुतापामागून देवाची स्तुती आली, तीही या सगळ्यातून. पूर्वज विश्वंभरबाबांचे विठ्ठलाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते तुकोबांनी स्वतः राबून उभे केले. एकादशीला कीर्तन सुरू केले. आधीच्या संतांची वचने पाठ केली, गाणाऱ्यांच्या मागे उभे राहून साथ केली. आणि पुढे एका अभंगात त्यांनी देवालाच सांगितले की दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने छळले तेही बरे झाले. हे वाचताना एक भान ठेवायला हवे. ते म्हणतात ते स्वतःच्या दिवाळ्याविषयी. शेजाऱ्याचे घर बुडाले असता ‘बरे झाले’ म्हणण्याचा अधिकार त्या अभंगाने कुणालाही दिलेला नाही. बायबलमधला हबक्कूक संदेष्टाही अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरे नाहीत अशा वेळी देवाच्या ठायी आनंद मानीन म्हणतो. तोही बोलतो स्वतःपुरतेच.

आता आपल्या गावांकडे येऊ. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या जागरापर्यंत पहारे लागतात. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पाया पडणे होते, नाम सुरूच राहते. दुष्काळी वर्षातही हा नेम मोडत नाही, आणि मोडू नयेच. त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी याच तालुक्यातून पंढरीला जाते. पाऊस पडो न पडो, वारकऱ्यांसाठी भाकरी थापल्या जातात.

माझे मागणे एवढेच. यंदा सप्ताह बसवाल तेव्हा काल्याच्या कीर्तनाआधी गावातल्या सावकारीचा विषय काढा. परवान्याशिवाय सावकारी करणे २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तशा व्यवहारात बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे. तक्रार तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे करता येते. पण ज्यांच्याकडे कुणाचे कागद पडून आहेत आणि जे वीणेच्या पहाऱ्याला उभे राहतात, त्यांनी तक्रारीची वाट पाहू नये. ते कागद ज्याचे त्याला परत करावेत आणि मग टाळ हाती घ्यावेत.

पुढील लेखांकात याच सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढ्याचे दामाजीपंत.