जुना सॅक्सोफोन पुन्हा वाजता कसा होतो?

सॅक्सोफोन पितळेचा असला तरी आवाज पितळेतून सुरू होत नाही. तोंडाजवळची वेळूसारख्या गवताची पातळ पट्टी, म्हणजे रीड, थरथरते आणि नळीतली हवा हलते. बाकीचं यंत्र फक्त नळीवरची भोकं वेळेवर उघडतं आणि बंद करतं. त्यामुळे जुना सॅक्सोफोन 'बिघडला' म्हणजे बहुतेक वेळा कुठून तरी हवा गळतेय.

माझ्या मित्राच्या आजोबांचा, लग्नाच्या बँडमध्ये वाजलेला ऑल्टो सॅक्सोफोन माळ्यावर पडून होता. घरचे म्हणत होते, पितळेच्या भावात देऊन टाकू. त्याआधी एकदा मुंबईतल्या एका वाद्यदुरुस्तीवाल्याकडे नेला.

त्या काकांनी आधी तो वाजवलाच नाही. अंगठ्याच्या हुकाजवळचा नंबर बघितला आणि आजूबाजूची अक्षरं शोधली. गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या अनेक अमेरिकन सॅक्सोफोनवर 'एलपी' किंवा 'एचपी' असा शिक्का असतो. एचपी म्हणजे त्या काळचा चढा सूर. त्याची नळीच आखूड असते, म्हणून आजच्या 440 हर्ट्झच्या सुराशी तो धड जुळत नाही, दुरुस्ती कितीही चांगली करा. आमच्यावर एलपी होतं. सुटलो!

मग त्यांनी एलईडीची बारीक पट्टी नळीत सोडली आणि खोलीतला दिवा घालवला. एकेक झाकण अलगद दाबायचं. कडेने उजेडाची रेघ दिसली की गळती तिथेच. जोरात दाबलं तर रेघ गायब होते आणि आपण फसतो. सगळ्यात खालचा सूर काढताना जवळपास सगळी झाकणं बंद लागतात, त्यामुळे वरचं एक जरी गळत असेल तरी खालचे सूर फुटतात किंवा निघतच नाहीत.

झाकणाच्या आत एक गादी असते, तिला पॅड म्हणतात: पुठ्ठा, त्यावर फेल्ट, त्यावर पातळ चामडं. ती चिकटवतात लाखेने. हो, बांगड्यांची तीच लाख, फक्त शुद्ध केलेली. झाकण गरम केलं की लाख मऊ होते, पॅड केसभर सरकवता येतो, थंड झाली की पक्का. शंभर वर्षांनीही खोलता येईल असा जोड! आपल्या फोनची बॅटरी काढताना याची आठवण येते.

मित्राला सॅक्सोफोन चकाचक करून हवा होता. काकांनी सरळ नकार दिला आणि मला ते पटलं. बफिंगमध्ये धातूच झिजतो, कोरीव नक्षी पुसट होते आणि जुन्या वाद्याची किंमत उतरते. काळवंडलेलं पितळ वाजायला आड येत नाही.

तुमच्याही घरी असा असेल, तर स्क्रू काढण्याआधी प्रत्येक बाजूचा फोटो घ्या. नंतर ट्यूनर अ‍ॅप लावाल तेव्हा ऑल्टोवर 'सी' वाजवल्यावर स्क्रीनवर 'ई फ्लॅट' दिसेल. अ‍ॅप बरोबर आहे, ऑल्टो असाच लिहिला जातो. वाजवून झालं की आतून कापड फिरवा, ओलं चामडं पुढे कडक होतं. आणि नवे पॅड बसायला थोडे दिवस घेतात, म्हणून महिन्याभराने पुन्हा एकदा उजेड सोडून बघायला न्या.