खोडालाच लगडणारा आंबटपणा

ऑस्ट्रेलियातलं डेव्हिडसन प्लमचं झाड दुरून नजरेत भरत नाही. सरळसोट किडकिडीत खोड, फांद्या अगदी मोजक्या, शेंड्याला मोठ्या दातेरी पानांचा झुबका. उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या डिसेंबर-जानेवारीत, जवळ गेलं की मात्र थबकायला होतं. फणसासारखी थेट खोडालाच, पार बुंध्यापर्यंत, काळीजांभळी फळं लगडलेली. फळ चिरलं की गडद लाल गर आणि दोन चपट्या बिया. गोडी नावालाच. नुसतं खाल्लं तर दात आंबतात. पण साखर घालून शिजवलं की जॅमला असा रंग आणि अशी धार येते की खऱ्या प्लमने हार मानावी. त्या प्लमशी याचं नातं काहीच नाही, कुळही वेगळं.

याच्या तीन जाती. उत्तर क्वीन्सलँडमधल्या जातीला फर्डिनांड फॉन म्युलर यांनी १८६७ मध्ये एका ऊस मळेवाल्याचं नाव दिलं. न्यू साउथ वेल्सच्या ईशान्य कोपऱ्यातली, वर वर्णन केलेली जात तिचाच उपप्रकार समजली जाई. २००० मध्ये ती स्वतंत्र ठरली. तोवर तिचं घर उजाड झालं होतं. 'बिग स्क्रब' हे तिथलं सुमारे ७५,००० हेक्टरांचं वर्षावन गोऱ्या वसाहतवाल्यांनी आधी लाकडासाठी, मग कुरणांसाठी तोडलं. आज त्यातलं एक टक्काही उरलेलं नाही. उरल्यासुरल्या तुकड्यांत घाणेरी घुसते, तीच आपल्या सह्याद्रीला छळणारी. त्यामुळे रानात हे झाड संकटग्रस्त आहे, आणि त्याच भागातल्या बागांमध्ये मात्र ओळीने लावलेलं दिसतं.

तोडणी हाताने होते. पानांवर आणि फळांवर बारीक लव असते, अंगाला लागली की खाज सुटते. म्हणून हातमोजे आणि लांब बाह्यांचा सदरा हवाच. पिकलेलं फळ मऊ, लगेच डागाळणारं. ते धुऊन, बिया काढून गोठवतात, नाहीतर वाळवून भुकटी करतात. शहरांतल्या उपाहारगृहांना 'देशी अन्न' म्हणून ही भुकटी हवी असते.

हे फळ खायचं कसं, हे त्या भागातल्या बुंजालुंग आदिवासींना वसाहतीच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. तरी ऑस्ट्रेलियातल्या देशी अन्नाच्या धंद्यात आदिवासींच्या मालकीचा वाटा अत्यल्प आहे. बाटलीवर चित्र त्यांच्या शैलीचं आणि नफा दुसऱ्याचा, हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं. रोपं, परवाने आणि प्रक्रियेची यंत्रं त्यांच्या हाती येण्यासाठी सरकारने पैसा घालायला हवा.