मुदत नसलेली प्रतीक्षा

नाताळाआधीचे चार रविवार ख्रिस्ती बांधव ‘आगमनकाळ’ म्हणून पाळतात. हा काळ वाट पाहण्याचा. बँकेत मुदतठेवींच्या तारखा सांभाळत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला वाट पाहणे म्हणजे ठरल्या दिवशी संपणारी गोष्ट वाटते. देवाशी मात्र असा करार होत नाही.

जर्मन धर्मोपदेशक डीट्रिश बोनहॉफर यांचेच पाहा. जानेवारी १९४३ मध्ये त्यांचा विवाह ठरला आणि ५ एप्रिलला हिटलरच्या राजवटीने त्यांना अटक केली. नाताळापर्यंत सुटका होईल, ही आशाही फोल ठरली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातील कोठडीत त्यांनी आगमनकाळाचे हिरवे कडे खिळ्याला अडकवले आणि त्यात येशूजन्माचे चित्र लावले. त्या दिवसांत शहरावर बॉम्ब पडत होते. नाताळासाठी त्यांनी सोबतच्या कैद्यांकरिता प्रार्थना लिहिल्या. पुढचा नाताळही कैदेतच गेला. ९ एप्रिल १९४५ रोजी, वयाच्या ३९ व्या वर्षी, त्यांना फाशी देण्यात आले.

मग त्यांच्या श्रद्धेला फळ काय आले, असे कोणी विचारील. जमाखर्चाच्या वहीत याचे उत्तर सापडत नाही. मला एवढेच दिसते, की दार बंद असतानाही हा माणूस इतरांना धीर देत राहिला.

आपल्याही घरात ठरलेले लग्न मोडते, नोकरी जाते, अवचित दुखणे येते. दार कधी उघडेल, हे तेव्हा देवावर सोडावे. शेजारच्याला धीर देणे मात्र आपल्याच हाती असते.